डोमेन नावं राहतात कुठे? एका मोजणीचा इतिहास

या मालेत याआधी जमिनीच्या, जकातीच्या आणि जन्ममृत्यूच्या नोंदींवर व्याख्यानं झाली. आज आम्ही ज्या दप्तराबद्दल बोलणार आहोत ते वयाने फार लहान आहे, जेमतेम चाळीस वर्षांचं. इतिहासाचा विषय म्हणून ते मांडायचं म्हटलं की पहिल्यांदा लोक हसतात. पण दप्तर लहान असलं तरी त्याची दुखणी जुन्या दप्तरांसारखीच आहेत, आणि त्यातला एक मोठा भाग आपल्या डोळ्यांदेखत बंद झाला आहे. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात घरच्याच गोष्टीने करतो. १९९९ साली आमच्या पुण्यातल्या एका छोट्या अभ्यासमंडळाने स्वतःचं डोमेन नाव घ्यायचं ठरवलं. डॉट कॉमचे दोन वर्षांचे सत्तर डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन हजार रुपये. पैसे जमले, पण ते भरायचे कसे? परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. शेवटी एका सभासदाचा भाचा न्यू जर्सीत एडिसनला होता, त्याने आपल्या कार्डावर पैसे भरले आणि फॉर्मवर स्वतःच्या घरचा पत्ता घातला. मंडळ सदाशिव पेठेत, वाचक महाराष्ट्रभर, आणि नोंद एडिसनची. पुढे कुणी अभ्यासकाने जगातल्या डोमेन नावांचा नकाशा केला असेल, तर आमचा ठिपका त्यात न्यू जर्सीत पडला असणार.

हा ठिपका चुकीचा म्हणायचा का? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आता थोडं मागे जाऊ. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट नावाच्या जाळ्यात जितके संगणक होते त्या सगळ्यांची नावं एकाच फाइलमध्ये लिहिलेली असत. ही फाइल कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखाली ते कार्यालय होतं. नवा संगणक आला की त्यांना कळवायचं, त्या फाइलमध्ये ओळ वाढवायच्या, आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. गावात एकच तलाठी असावा तसं. संगणक वाढले आणि हे झेपेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची डोमेन पद्धत मांडली. तिचं मर्म असं, की नावांची एक उतरंड करायची आणि प्रत्येक पायरीवरची नोंद त्या त्या पायरीवरच्या माणसाने ठेवायची. मध्यवर्ती वही एकच, पण ती फक्त वरच्या पायरीपुरती.

वरच्या पायरीवर कोणती नावं ठेवायची, हे ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी एका टिपणात लिहून काढलं. इथे एक निर्णय झाला ज्याचे परिणाम आपण अजून निस्तरतो आहोत. त्यांनी दोन तऱ्हेची नावं ठेवली. एक तऱ्हा व्यवसायाची: कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग. दुसरी तऱ्हा देशांची, दोन अक्षरी. देश म्हणजे काय हे ठरवायच्या भानगडीत ही मंडळी पडली नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची देशांची तयार यादी होती, ती जशीच्या तशी उचलली. पोस्टेल यांनी पुढे १९९४ साली स्पष्टच लिहून ठेवलं की कोणता देश आणि कोणता नाही हे ठरवणं आमचं काम नाही. शहाणपणाची भूमिका होती. पण त्या यादीत नुसते देश नव्हते. बेटं होती, वसाहती होत्या, माणूस नसलेले भूभागही होते. त्यांच्याकडे नंतर येऊ.

१५ मार्च १९८५ ला पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स डॉट कॉम. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजची कंपनी. अमेरिकेलाही स्वतःचं देशनाम होतं, डॉट यूएस, तेही १९८५चंच. पण ते शहर, मग राज्य, मग यूएस असं लांबलचक असे, पोस्टाच्या पत्त्यासारखं. ते कोण घेणार? अमेरिकन कंपन्या कॉममध्ये गेल्या. गंमत अशी झाली, की ज्या देशात सगळ्यात जास्त नावं होती त्या देशाचं नाव त्या नावांत कुठे दिसतच नव्हतं.

मोजणी करणाऱ्यांची पहिली पिढी या भिंतीवर येऊन थांबली. विस्कॉन्सिन विद्यापीठातले लॅरी लँडवेबर १९९१ पासून नकाशे काढत. त्यात प्रश्न साधा होता: अमुक देशात इंटरनेट आहे, नुसती ईमेल पोचते, की काहीच नाही? देशाला रंग द्यायचा, बस. दुसरे मार्क लॉटर. त्यांचा प्रोग्रॅम डोमेनची उतरंड वरून खाली चढत-उतरत जाई आणि प्रत्येक फांदीला किती संगणक लटकले आहेत ते मोजे. जानेवारी १९९३च्या मोजणीत तेरा लाखांच्या आसपास संगणक निघाले. आज आपल्या एखाद्या उपनगरात तेवढे मोबाइल असतील! लॉटर यांच्या तक्त्यात देशनामांचे आकडे असत, कॉमचा आकडा असे, आणि वाचणारा मनातल्या मनात कॉम म्हणजे अमेरिका असं धरून चाले. नव्वदीच्या मध्यापर्यंत ते बरंचसं खरंही होतं. पुढे लोकांनी सुरक्षेसाठी आपापल्या याद्या बाहेरच्यांना दाखवणं बंद करायला सुरुवात केली, आणि १९९८ पासून लॉटर यांना मोजण्याची रीतच बदलावी लागली. दरवाजे बंद होण्याची ही पहिली खेप.

इथून गोष्ट खरी रंगते. कॉमच्या आतल्या नावांचा भूगोल कळायचा तर नावाच्या बाहेर कुठेतरी पत्ता शोधायला हवा. आणि पत्ता होता. त्याचं नाव हू-इज. १९८२ पासूनची ही सोय. मुळात ती टेलिफोन डिरेक्टरी होती. एखाद्या संगणकाने जाळ्यात गोंधळ घातला तर रात्री-अपरात्री कुणाला उठवायचं, एवढ्यासाठी. नाव टाइप करा, समोर मालकाचं नाव, टपालाचा पत्ता, फोन, व्यवस्थापनाचा माणूस, तांत्रिक माणूस, बिल कुणाला पाठवायचं तो माणूस, नोंदणीची तारीख. सगळं उघडं. कुणीही, कुठूनही, फुकट पाहू शके.

आपल्यापैकी ज्यांनी पेशवे दफ्तरात काम केलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथला कारकून इतिहास लिहीत नव्हता, तो खर्च टाकत होता. कुणाला किती चंदी दिली, कुणाच्या लग्नाला किती शेले दिले. आपण त्यातून समाज वाचतो. हू-इजचंही तसंच. ते बिघाड दुरुस्त करायला केलं होतं, भूगोल सांगायला नव्हे. पण भूगोल त्यात आपोआप साठत गेला.

१९९७ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मिचेल मॉस आणि अँथनी टाउनसेंड यांनी डोमेन नावांवरून अमेरिकन शहरांतली इंटरनेटची वाढ मोजणारा निबंध छापला. वर्ष लक्षात घ्या. त्याच वर्षी फ्रान्सिस केर्नक्रॉस यांचं 'अंतराचा मृत्यू' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं. हवाच तशी होती. आता कुणी कुठेही बसून काम करील, शहरं ओस पडतील, डोंगरात बसून धंदा चालेल, असं जो तो म्हणत होता. मॉस आणि टाउनसेंड यांनी पत्ते मोजले आणि काय दिसलं? नावं मॅनहॅटनमध्ये. नावं सॅन फ्रान्सिस्कोत. मोजक्या महानगरांत दाट, बाकी विरळ. जे जाळं सगळीकडे सारखं पसरणार होतं ते जिथे आधीच पैसा, जाहिरात आणि छपाईचा धंदा होता तिथेच साचलं होतं.

त्यानंतर मॅथ्यू झूक. भूगोलाचे अभ्यासक, आधी बर्कलीला, मग केंटकी विद्यापीठात. डोमेन नावांच्या भूगोलावर इतका काळ आणि इतक्या चिकाटीने काम केलेला दुसरा माणूस आम्हाला तरी माहीत नाही. २००० साली त्यांनी अमेरिकेचा नकाशा केला, २००१ साली जगाचा, आणि २००५ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांची रीत सांगायला सोपी, करायला कंटाळवाणी. नावांचा नमुना घ्यायचा, एकेक नाव हू-इजला विचारायचं, पत्त्यातला पोस्टाचा क्रमांक काढायचा, तो नकाशावर ठेवायचा. निष्कर्ष असा, की सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस हे तीन मोठे ढीग, आणि त्यामागे नुसती तार किंवा संगणक नाहीत. धाडसाने भांडवल घालणारे लोक जिथे राहतात, एकमेकांना भेटतात, कुणावर विश्वास ठेवायचा हे जिथे कानोकानी कळतं, तिथे ही नावं उगवतात. आम्हाला हे पटतं. आपल्याकडेही कापसाचा धंदा तारायंत्र आल्यावर गावोगाव विखुरला नाही, तो मुंबईत आणखी घट्ट झाला.

पण या रीतीतली घाण उपसण्याचं काम कुणी सांगत नाही, ते थोडं सांगतो. पत्त्यात 'आयएन' अशी दोन अक्षरं दिसली, तर ती भारताची की अमेरिकेतल्या इंडियाना राज्याची? 'सीए' म्हणजे कॅनडा की कॅलिफोर्निया? 'डीई' म्हणजे जर्मनी की डेलावेअर? दोन्ही खुणा एकाच नोंदीत वेगवेगळ्या रकान्यांत येतात, आणि फॉर्म भरणाऱ्याने रकाना चुकवला की इंडियानापोलिसचा माणूस भारतात येऊन बसतो. आपल्या बाजूने आणखी कटकटी. १९९५ साली बॉम्बेचं मुंबई झालं, पण पत्ता लिहिणाऱ्याचा हात काही त्या दिवशी बदलला नाही. दोन्ही नावं बरीच वर्षं शेजारी शेजारी नांदली. पूना आणि पुणे तर आणखी जुनी जोडी. हैदराबाद भारतात आहे तसं सिंधमध्येही आहे. औरंगाबाद महाराष्ट्रात होतं आणि बिहारमध्येही आहे. अशा वेळी तारतो तो पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला हा सहा आकडी क्रमांक श्रीराम भिकाजी वेलणकर यांची कल्पना, आणि हे गृहस्थ मूळचे संस्कृत कवी. पहिला आकडा चार दिसला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड, पुढच्या दोन आकड्यांत आणखी बारीक. संस्कृत पंडिताने टपालासाठी केलेली सोय इंटरनेटच्या नकाशाला उपयोगी पडते, याचं आम्हाला अजून कौतुक वाटतं.

आता आपल्या देशाकडे, आणि खरं तर आपल्या राज्याकडेच येऊ. डॉट इन हे नाव ८ मे १९८९ ला मूळ यादीत चढलं. ते कुणाच्या ताब्यात होतं? जुहूला गुलमोहर क्रॉस रोडवर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती, लोक तिला एनसीएसटी म्हणत. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. भारताच्या साऱ्या डॉट इन नावांची वही त्या जुहूच्या इमारतीत होती. विद्यापीठांची नावं अर्नेट पाही, सरकारी नावं एनआयसी, आणि बाकीच्यांचं इथे.

आणि किती नावं होती? १९९२ ते २००४ या बारा वर्षांत सुमारे सात हजार. ऐकायला चुकलेलं नाही. साऱ्या भारताची सात हजार. मधल्या काळात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं होतं, बंगळूर आणि पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपन्यांची रांग लागली होती, आणि देशनामाखाली सात हजार. कारण नाव मिळवणं म्हणजे अर्ज, कंपनी असल्याचा पुरावा, आणि हाती येणारं नावही थेट डॉट इन नाही, तर डॉट को डॉट इन. सामान्य माणसाने त्या वाटेला जाऊ नये अशीच व्यवस्था. आम्ही एनसीएसटीला दोष देत नाही. ती संशोधन संस्था होती, दुकान नव्हतं, आणि नावांचा बाजार मांडू नये असं मानणारी त्या काळची प्रामाणिक विचारसरणी होती. ज्याचं नाव त्यालाच मिळावं, कुणी साठेबाजी करू नये. हेतू चांगलाच होता.

परिणाम मात्र नकाशावर उमटला. देशनामं मोजणाऱ्याला भारत जवळजवळ कोरा दिसे. भारतीय कंपन्या आणि माणसं होती, पण ती कॉममध्ये होती. त्यातली किती आमच्यासारखी भाच्याच्या पत्त्यावर होती देव जाणे. फ्रान्सचीही हीच गत होती. डॉट एफआर २००४ पर्यंत कडक होतं, खासगी व्यक्तींना तर जून २००६ मध्ये मिळू लागलं. शेजारी जर्मनीत नियम सैल, म्हणून डॉट डीईचा आकडा प्रचंड. त्यावरून कुणी फ्रेंच माणूस जर्मन माणसापेक्षा मागासलेला आहे असं अनुमान काढलं तर आपण हसू. पण भारताच्या, आफ्रिकेच्या बाबतीत तसंच अनुमान गंभीर अहवालांत निघत होतं, आणि त्यावरून कुणाला केबल द्यायची, कुठे गुंतवणूक करायची याच्या चर्चा होत होत्या. नियमपुस्तकाची मोजणी झाली आणि ती देशाची म्हणून वाचली गेली.

२००५च्या जानेवारीत दार उघडलं. नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे वही गेली, कुणालाही थेट डॉट इन मिळू लागलं, देशाबाहेरच्यांनाही. मार्च २०१० पर्यंत आकडा सहा लाखांच्या वर. सात हजारांवरून सहा लाख, पाच वर्षांत. देश काही पाच वर्षांत शंभर पटीने पुढे गेला नव्हता. आणि आणखी एक आकडा बघा: त्या सहा लाखांतली भारतातून घेतलेली नावं साधारण साठ टक्के. म्हणजे आधी भारतीय माणूस डॉट इनच्या बाहेर होता, आता डॉट इनच्या आत बाहेरचा माणूस आला. 'इन' हा इंग्रजीत चांगला शब्द पडला ना! देशनामांवरून मोजणी करणाऱ्याची दोन्हीकडून फसगत.

हे फसगतीचं प्रकरण पॅसिफिकमध्ये गेलं की हसावं की रडावं कळत नाही. ती देशांची यादी आठवते ना, जी पोस्टेल यांनी तशीच उचलली? तिच्यात टोकेलाऊ होतं. न्यूझीलंडच्या अखत्यारीतली तीन प्रवाळबेटं, माणसं दीड हजार. तिथल्या डॉट टीकेचे हक्क घेऊन एका डच उद्योजकाने ती नावं फुकट वाटायला सुरुवात केली. एके काळी दोन कोटींच्या वर नावं होती, जर्मनीपेक्षा जास्त. दीड हजार माणसांच्या बेटांवर! दर माणशी नावं मोजणारा तक्ता केला की टोकेलाऊ जगात पहिलं. शिवाय फुकट नाव कुणी सोडून दिलं तरी ते खोडलं जात नसे, कंपनी ते परत घेऊन त्यावर जाहिराती लावे. त्यामुळे आकडा फुगलेलाच राही. आणि फुकटच्या नावात फसवणूक करणारे आधी शिरतात, तेही झालं. २०२३ साली मेटा कंपनीने खटला भरला, नवी नोंदणी थांबली, आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीने हा धंदाच सोडला.

तुवालूचं त्यामानाने बरं झालं. त्यांच्या वाट्याला आली डॉट टीव्ही. २००० साली बारा वर्षांसाठी पाच कोटी डॉलरचा करार झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तुवालू संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. सभासदत्वाचा खर्च परवडला तो या पैशांमुळे. अँग्विला या कॅरिबियन बेटाला डॉट एआय मिळालं होतं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. २०२३ साली त्यातून सुमारे सव्वातीन कोटी डॉलर आले, सरकारी उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून जास्त. लोकसंख्या सोळा हजारांच्या आसपास. तेव्हा नावं तिथे 'राहत' नाहीत हे खरं, पण भाडं तिथे येतं. भूगोल अगदीच खोटा म्हणता येत नाही.

चागोसची गोष्ट वेगळी. हिंदी महासागरातली ही बेटं १९६५ साली ब्रिटनने मॉरिशसपासून तोडून वेगळा प्रदेश केला, आणि १९६८ ते १९७३ या वर्षांत तिथल्या दीड-दोन हजार रहिवाशांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. दिएगो गार्सियाच्या अमेरिकन तळासाठी. माणसं गेली, पण नव्या प्रदेशाला यादीत आयओ ही अक्षरं मिळाली होती, आणि १९९७ साली त्यांचं डोमेन झालं. संगणकवाल्यांच्या भाषेत आयओ म्हणजे इनपुट-आउटपुट, म्हणून जगभरच्या नव्या कंपन्यांनी ते डोक्यावर घेतलं. लाखो नावं नोंदलेला हा प्रदेश, आणि त्यात घर असलेला एकही स्थानिक माणूस नाही. हलवलेल्या लोकांनी या उत्पन्नात वाटा मागितला आहे. मे २०२५ मध्ये बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचा करार ब्रिटनने केला. प्रदेशच उरला नाही तर ती दोन अक्षरं यादीत राहतील का, आणि ती गेली तर नावांचं काय, असा प्रश्न लगेच आला. कंपन्यांच्या पत्त्यांची काळजी वर्तमानपत्रांत बरीच झाली. इतिहासाचे लोक म्हणून आमचं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जातं. आपण 'प्रदेशवार' तक्ता छापतो त्यात ही ओळ मुकाट्याने टाकतो, आकडा लिहितो, आणि त्या ओळीखाली माणसं का नाहीत हे लिहायला रकानाच नसतो. सोव्हिएत संघाचं डॉट एसयू संघ बुडून तीन दशकं झाली तरी चालू आहे. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१० साली बंद केलं. दप्तरात देश मरतात ते देशाच्या वेळापत्रकाने नाही.

म्हणजे देशनामं फसवतात, म्हणून पत्ते बरे, असं आपण म्हणत आलो. पण पत्त्यांचंही पुढे काय झालं ते बघा. हू-इज उघडं असल्यामुळे जाहिरातवाले, भामटे, पाठलाग करणारे सगळे ते वाचत. बाईमाणसाने स्वतःच्या नावावर संकेतस्थळ काढलं की तिच्या घरचा पत्ता नि फोन जगासमोर. यावर उपाय निघाला तो पडद्याचा: तुमच्याऐवजी एक कंपनी आपला पत्ता देते. मग अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेल या गावी एका पत्त्यावर लाखो नावं आली. पनामा शहरातल्या एका टपालपेटीत लाखो आली. नंतर आइसलंडची राजधानी रेक्याविकमध्ये एका इमारतीत लाखो. झूक यांच्या रीतीने आज नकाशा केला तर रेक्याविक हे इंटरनेटचं मोठं महानगर दिसेल.

मग २५ मे २०१८. युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला. डोमेन नावांची जागतिक देखरेख करणाऱ्या आयकॅनने आठवडाभर आधी तात्पुरता नियम काढला, आणि माणसाचं नाव, गल्ली, शहर, फोन हे रकाने झाकले गेले. युरोपपुरते नाही, बहुतेक नोंदणीवाल्यांनी सरसकट सगळ्यांचे झाकले. वेगळं काढत बसण्यापेक्षा ते सोपं. उघडं साधारणपणे राहिलं ते राज्य आणि देश. जानेवारी २०२५ मध्ये तर जुन्या हू-इजची सक्तीही संपली, नवी पद्धत तिच्या जागी आली.

शहर झाकलं गेलं याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मॅनहॅटन विरुद्ध डोंगर, मुंबई विरुद्ध मराठवाडा, हा जो प्रश्न त्या रीतीने विचारता येत होता, तो आता बाहेरच्या माणसाला विचारताच येत नाही. देशांची तुलना करता येते, देशाच्या आतली करता येत नाही. खुद्द नोंदणी कंपन्यांकडे सगळं आहे; पोलीस रीतसर मागू शकतात. विद्यार्थ्याला मिळत नाही. मधल्या काळात हू-इजच्या नकला करून ठेवलेल्या खासगी कंपन्या आहेत, त्या जुन्या नोंदी विकतात, आणि विद्यापीठाच्या खिशाला ते झेपत नाही.

आमच्यात यावर मतभेद आहेत, ते लपवत नाही. आमच्यापैकी एक म्हणतात, की सातबारा उघडा असतो म्हणून गावात न्याय मागता येतो, तसंच हेही उघडं हवं होतं. दुसऱ्या म्हणतात, सातबाऱ्यावर फोन नंबर नसतो, आणि ज्या बाईला त्या पत्त्यावर धमकीची पत्रं आली तिला तुमचा नकाशा काय कामाचा? दोघांचं समाधान होईल असा तोडगा जनगणनेत आहेच: माणूस झाका, पण पिनकोडनिहाय बेरीज दरवर्षी जाहीर करा. निक्सीने डॉट इनसाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची अशी बेरीज दिली, तर गडचिरोलीत किती, पुण्यात किती हे कुणाचंही नाव न कळता कळेल. २०१४च्या ऑगस्टपासून देवनागरीत डॉट भारत मिळतं, मराठी आणि कोकणीसकट आठ भाषांसाठी. ते कुणी घेतलं आणि कुठल्या तालुक्यातून, हे कळावं असं आम्हाला फार वाटतं. ते नाव घेणारा माणूस बहुधा आपल्याच गावातल्या वाचकासाठी घेत असेल, आणि तिथे पत्ता आणि नाव यांची गाठ खरीच पडत असेल. पण हा आमचा कयास, तो बेरीज आल्याशिवाय तपासता येणार नाही.

परवा या व्याख्यानाची तयारी करताना मंडळाच्या नावाची नोंद पुन्हा काढून पाहिली. भाचा केव्हाच एडिसन सोडून गेला. २००६ साली आम्ही नोंदणी भारतात आणली, तेव्हा सदाशिव पेठ आली. मग कुणीतरी पडद्याची सोय घेतली आणि काही वर्षं आम्ही अॅरिझोनात होतो. गेल्या नूतनीकरणात ती सोय बंद केली. आता नाव झाकलेलं, गल्ली झाकलेली, शहर झाकलेलं. खाली दोन ओळी शिल्लक आहेत. राज्य महाराष्ट्र. देश आयएन.

इंडियाना नव्हे.